स्वराज्यातील नकाराचा अधिकार

पुण्याहून द्रुतगती मार्गाने मुंबईकडे निघालेली गाडी तळेगाव मागे टाकून कामशेतच्या दिशेने धावू लागली की बऊर गावाचे शिवार लागते. पावसाळ्यात दोन्ही बाजूंना भाताची खाचरे हिरवीगार असतात, समोर लोहगड-विसापूरच्या माथ्यावर ढग उतरलेले असतात आणि गाडीतल्या मंडळींना लोणावळ्याच्या चिक्कीचे वेध लागलेले असतात. या बऊरच्या शिवारात ९ ऑगस्ट २०११ रोजी पोलिसांच्या गोळीबारात तीन मावळवासी ठार झाले. त्यांत एक स्त्री होती. १९४२ साली ज्या दिवशी परकीय सत्तेला ‘चालते व्हा’ असे बजावण्याचा उठाव सुरू झाला, तोच हा क्रांतिदिन. १९४२ च्या गोळ्या इंग्रजांच्या होत्या, म्हणून त्यांचा इतिहास झाला. बऊरच्या गोळ्या आपल्याच मतांनी निवडलेल्या सरकारच्या होत्या, म्हणून त्यांचे काय करायचे हे स्वतंत्र महाराष्ट्राला अजून उमगलेले नाही. दर वर्षी ९ ऑगस्टला मावळात त्या तिघांना आदरांजली वाहिली जाते, दोन-तीन भाषणे होतात, आणि द्रुतगती मार्गावरची वाहतूक अखंड चालू राहते.

आपल्याच लोकांनी चालवलेल्या राज्याला ‘नाही’ म्हणण्याचा अधिकार प्रजेला असतो काय? असला, तर त्याची मर्यादा कोणती? लोकशाहीवर व्याख्याने देणारे विद्वान हा प्रश्न ग्रीसमधून किंवा फ्रान्समधून आणतात. वस्तुतः तो इथला, बारा मावळांतला प्रश्न आहे, आणि मावळाने तो एकदा नव्हे, अनेकदा विचारलेला आहे.

१६५९ साली अफजलखानाची स्वारी आली, तेव्हा मावळातल्या देशमुखांना आदिलशाहीची फर्माने पोहोचली. कायद्याच्या काटेकोर भाषेत बोलायचे तर त्या वेळी अधिकृत सत्ता आदिलशाहीची होती. वतने तिच्या शिक्क्याने चालत, आणि शिवाजीराजे तिच्या लेखी बंडखोर होते. कारीच्या कान्होजी जेधे यांनी फर्मान घेऊन थेट राजांचे पाय गाठले आणि आपल्या वतनावर पाणी सोडले. मराठीत हा वाक्प्रचार आज सहज वापरला जातो. कान्होजींनी ते पाणी खरोखर हातावरून सोडले. शिक्का असलेली सत्ता आणि न्याय्य सत्ता या दोन वेगळ्या गोष्टी असू शकतात, हे ज्याला ग्रंथ न वाचता कळले होते असा हा मावळातला देशमुख.

त्याच स्वराज्याची राजनीती पुढे रामचंद्रपंत अमात्यांनी १७१५ च्या सुमारास आज्ञापत्रात नोंदवून ठेवली. आरमारासाठी लाकूड हवे, ही त्या राज्याची संरक्षणाची निकड होती. आजच्या शब्दांत ‘सार्वजनिक प्रयोजन’. तरीही अमात्य बजावतात की रयतेची आंब्या-फणसाची झाडे तोडू नयेत. झाड जुने होऊन कामातून गेले असेल, तर धन्याला राजी करून, द्रव्य देऊन, त्याच्या संतोषाने तोडावे. बलात्कार सर्वथा करू नये. रयतेने ही झाडे लेकरांसारखी वाढवलेली असतात, हे कारणही तिथेच दिले आहे. मालकाला मोबदला देऊन काम भागते, असे अमात्यांना वाटत नाही. त्याच्या संतोषाचीही ते अट घालतात. आधुनिक भारताच्या भूसंपादन कायद्याला ही ‘संतोषाची’ अट लिहायला २०१३ साल उजाडावे लागले, आणि तीही सगळ्या प्रकल्पांना नाही.

इंग्रजी अमदानीत १८९४ चा भूसंपादन कायदा आला आणि ‘संतोष’ हा शब्द राज्याच्या कोशातून पुसला गेला. सरकारने सार्वजनिक प्रयोजन जाहीर केले की जमीन गेली. भांडायचे ते केवळ किमतीसाठी. सह्याद्रीच्या माथ्यावर पाऊस मुबलक आणि खाली कोकणात कोसळणारा उतार सरळ, म्हणून वीजनिर्मितीसाठी मावळ नजरेत भरला. १९१० साली टाटांची जलविद्युत कंपनी स्थापन झाली. लोणावळा, वळवण आणि शिरवते येथे तलाव बांधले गेले, आणि १९१५ साली खोपोलीच्या वीजगृहातून मुंबईच्या गिरण्यांना वीज मिळू लागली. पाठोपाठ आंध्रा खोऱ्यात ठोकळवाडीचे धरण उभे राहिले. आज लोणावळ्याला येणारा पर्यटक ज्या पाण्याकडे पाहून हरखतो, त्याच्या तळाशी कुणाची तरी खाचरे आहेत. मुंबई उजळली हे खरे, आणि देशी उद्योगाने परक्यांवर मात करावी ही त्या काळच्या राष्ट्रीय वृत्तीच्या माणसांची इच्छाही खोटी नव्हती. म्हणूनच त्यानंतर मुळशीत जे घडले ते इतके अवघड होते. समोर गोरी कंपनी नव्हती. स्वदेशीचे भूषण मानले जाणारे घराणे होते.

नीला आणि मुळा यांच्या संगमाजवळ मुळशी येथे धरण बांधायचे ठरले. त्यात मुळशी पेट्यातील ५२ गावांवर संकट आले. भूसंपादनाची रीतसर पूर्तता होण्याआधीच शेतांत खोदाई सुरू झाली. १६ एप्रिल १९२१, रामनवमीच्या दिवशी, सुमारे १,२०० मावळे धरणाच्या जागेवर जाऊन बसले आणि काम थांबले. त्यांत पुरुषांबरोबर स्त्रिया आणि मुलेही होती. ‘जान किंवा जमीन’ ही त्यांची घोषणा होती. कंपनीने सहा महिने काम बंद ठेवण्याचे मान्य केले. गांधीजींनी ‘यंग इंडिया’तून टाटांना उद्देशून लिहिले, एका गरीब माणसाच्याही इच्छेविरुद्ध होणाऱ्या देशहिताचे मोल काय, असा त्यांच्या लेखनाचा रोख होता. मुदत संपली, काम पुन्हा सुरू झाले, आणि त्याबरोबर दुसरा सत्याग्रह. शेकडो माणसे तुरुंगात गेली.

या लढ्याचे नेतृत्व पांडुरंग महादेव बापट यांच्याकडे आले आणि लोकांनी त्यांना ‘सेनापती’ ही पदवी दिली. ती आयुष्यभर त्यांच्या नावाला चिकटली. सत्याग्रही विनायकराव भुस्कुटे यांनी या लढ्याचा इतिहास लिहून ठेवला, आणि पुढे राजेंद्र व्होरा यांनी त्याचा सविस्तर अभ्यास केला. त्यातून एक गोष्ट पुढे येते, जी पुण्याच्या पांढरपेशा वाचकाने चवीने वाचावी अशी नाही. मुळशीतल्या बऱ्याच जमिनी पुण्यातल्या सावकारांकडे गहाण पडलेल्या होत्या. जमीन कसणाऱ्याला जमीन हवी होती. सावकाराला पैसे हवे होते. नुकसानभरपाईची रक्कम ठरू लागली तेव्हा या दोघांचे हित एक राहिले नाही. पेठांतल्या सभांमध्ये टाळ्या वाजत होत्या आणि त्याच पेठांतले काही जण मोबदल्याचा हिशेब करत होते. सत्याग्रह खचला तो केवळ पोलिसांच्या लाठीने नव्हे.

अखेरीस डिसेंबर १९२४ मध्ये बापटांनी मोजक्या साथीदारांसह धरणाच्या कामावरची रेल्वे अडवली आणि शस्त्राचा धाक घातला. त्यांना अटक झाली व सात वर्षांची शिक्षा झाली. त्यांनी केलेले नाकारले नाही, पळ काढला नाही. या अखेरच्या कृत्याचे समर्थन करणे मात्र अवघड आहे. गाडीत असणारे मजूरही पोटासाठीच तेथे आले होते. प्रतिकाराचा हक्क ज्याच्याकडे आहे त्याच्यावर तिसऱ्या निरपराध माणसाला इजा न पोहोचवण्याचे ओझेही असते, आणि सेनापतींच्या निर्मळ चारित्र्याने ते हलके होत नाही. धरण १९२७ पर्यंत पुरे झाले. गावे पाण्याखाली गेली.

हे सारे इंग्रजी राज्यात घडले, म्हणून त्याला स्वातंत्र्यलढ्याच्या इतिहासात जागा मिळाली. पण बापटांचे पुढचे आयुष्य पाहावे. १५ ऑगस्ट १९४७ रोजी पुण्यात राष्ट्रध्वज फडकवण्याचा मान त्यांना देण्यात आला. त्या दिवशी साठी ओलांडलेल्या या माणसाचे काम संपले, असे कुणालाही वाटले असते. तसे झाले नाही. गोवा मुक्तिसंग्रामात ते उतरले. संयुक्त महाराष्ट्राच्या आंदोलनात, म्हणजे आपल्याच देशाच्या, आपल्याच निर्वाचित सरकारच्या विरोधात, ते पुन्हा उभे राहिले. परक्याचे राज्य गेले म्हणून अन्यायाला ‘नाही’ म्हणण्याचे कर्तव्य संपते, हा हिशेब त्यांना मान्य नव्हता.

याला एक भारदस्त उत्तर आहे आणि ते टाळून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत बोलताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी सांगितले की, आता संविधानाचे मार्ग खुले झाले आहेत. तेव्हा सत्याग्रह, असहकार, कायदेभंग हे मार्ग सोडून द्यावेत, कारण ते अराजकाचे व्याकरण आहे. हा इशारा देणारा माणूस महाडचे चवदार तळे आणि नाशिकचे काळाराम मंदिर येथील सत्याग्रहांचा नेता होता, हे ध्यानात घेतले की त्याचे वजन कळते. रोज कुठे तरी रस्ता अडवणाऱ्या, एसटीच्या काचा फोडणाऱ्या आणि त्याला ‘जनआंदोलन’ म्हणणाऱ्या पुढाऱ्यांनी ते भाषण पुन्हा वाचले, तर महाराष्ट्राचे पुष्कळ भले होईल.

मात्र बाबासाहेबांच्या विधानाला एक अट जोडलेली आहे. संविधानाचे मार्ग खुले असतील तर. ते कागदावर खुले आणि प्रत्यक्षात बंद असतील तर काय, याचे उत्तर देशाला १९७५ साली शोधावे लागले. २५ जूनच्या रात्री आणीबाणी आली. वृत्तपत्रांवर नियंत्रण आले, विरोधी नेते तुरुंगात गेले, ४ जुलैला राष्ट्रीय स्वयंसेवक संघावर बंदी आली. सरसंघचालक बाळासाहेब देवरस येरवड्याच्या कारागृहात होते; मुळशीच्या सत्याग्रह्यांनाही येरवडा परका नव्हता. २८ एप्रिल १९७६ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींपैकी चौघांनी निर्णय दिला की, स्थानबद्ध माणसाला सुटकेसाठी न्यायालयाचे दारही ठोठावता येणार नाही. एकटे न्यायमूर्ती एच. आर. खन्ना वेगळे बोलले आणि सरन्यायाधीशपदाला मुकले. संसद, न्यायालय, वृत्तपत्र, सगळी दारे जागच्या जागी होती. आत जाता येत नव्हते. शहा आयोगाच्या आकडेवारीनुसार त्या काळात १ लाख १० हजारांहून अधिक माणसे बंदिवासात गेली. लोकसंघर्ष समितीच्या हाकेला ओ देऊन ज्या कुटुंबांतून कुणी सत्याग्रहाला गेले, त्या घरांत हा इतिहास पुस्तकातून शिकवावा लागत नाही.

त्या बंदिवानांना राज्य सरकारने २०१८ मध्ये मानधन सुरू केले, २०२० मध्ये नव्या सरकारने ते बंद केले आणि २०२२ मध्ये ते पुन्हा सुरू झाले. राज्याला विरोध केल्याबद्दल राज्याकडून मानधन, तेही सत्ताबदलाप्रमाणे चालू-बंद होणारे, यात काहीशी गंमत आहे. मानधन घ्यावे की नाही हा ज्याचा त्याचा प्रश्न. पण ज्यांनी एकदा ‘नाही’ म्हटले त्यांच्याकडून पुढच्या काळात काय अपेक्षा ठेवायची, हा प्रश्न त्याहून मोठा आहे आणि तो पुन्हा बऊरला आणून सोडतो.

पवना धरण १९७० च्या दशकाच्या आरंभी पूर्ण झाले. त्यासाठी जमिनी दिलेल्या अनेक कुटुंबांचे पुनर्वसन दशकानुदशके रेंगाळले. त्यांतल्या कित्येकांची दुसरी-तिसरी पिढी सरकारी कचेऱ्यांचे उंबरठे झिजवत म्हातारी झाली. धरणाचे पाणी नदीपात्रात सोडायचे आणि ते रावेत येथे उचलून पिंपरी-चिंचवडला द्यायचे, अशी व्यवस्था होती. महापालिकेने ठरवले की पाणी धरणापासून निगडीपर्यंत सुमारे ३५ किलोमीटर बंद जलवाहिनीतून न्यायचे. पालिकेची बाजू निराधार नव्हती. उघड्या पात्रात पाणी वाया जाते, दूषित होते, उपसा करायला वीज लागते. आणि पिंपरी-चिंचवड हे काही चैनीचे शहर नव्हे, महाराष्ट्राच्या कानाकोपऱ्यातून पोटापाण्यासाठी आलेल्या कामगारांचे शहर आहे. पण नदीकाठच्या शेतकऱ्याला जे दिसत होते तेही खरे होते. पाणी नळात बंद झाले, तर पात्र वाहणार किती? विहिरींचा पाझर, काठावरचे उपसा पंप, गुरांचे पाणी, या सगळ्याचा हिशेब त्या आराखड्यात कुठे होता? धरणासाठी जमीन एकदा दिलेल्या तालुक्याकडून वाहिनीसाठी ती पुन्हा मागितली जात होती. निवेदने दिली गेली, मोर्चे निघाले, त्यातून काही निष्पन्न झाले नाही. मग ९ ऑगस्ट २०११ रोजी मावळ द्रुतगती मार्गावर उतरला.

त्या दिवशी दगडफेक झाली, पोलीसही जखमी झाले, हजारो प्रवासी अडकून पडले. मुळशीच्या मावळ्यांनी स्वतः ज्या खोदाईविरुद्ध तक्रार होती त्या खोदाईवर बसकण मारली होती. बऊरला ज्यांचा या वादाशी संबंध नव्हता त्यांचा रस्ता अडला. हा भेद लहान नाही. परंतु दगडाला गोळीने उत्तर देताना राज्याने जो संयम पाळायचा, तो पाळला गेला नाही हे दूरचित्रवाणीवर उभ्या महाराष्ट्राने पाहिले. उभ्या असलेल्या रिकाम्या वाहनांची मोडतोड करणारे पोलीसही त्याच चित्रणात दिसले. निवृत्त न्यायमूर्ती एम. जी. गायकवाड यांचा चौकशी आयोग नेमला गेला. प्रकल्पाला ‘जैसे थे’चा आदेश मिळाला. त्या वेळी राज्यात काँग्रेस आणि राष्ट्रवादी काँग्रेस यांचे सरकार होते. भारतीय जनता पक्ष आणि शिवसेना आंदोलकांच्या बाजूने उभे होते आणि त्यांची भाषणे, त्यांचा त्वेष, त्यांची आश्वासने मावळ विसरलेला नाही.

पुढे बारा वर्षे लोटली. सप्टेंबर २०२३ मध्ये ‘जैसे थे’चा आदेश उठवण्यात आला, तेव्हा २०११ चे सत्ताधारी आणि २०११ चे विरोधक यांच्यातले अनेक जण एकाच मंत्रिमंडळात बसलेले होते. मावळात विरोध पुन्हा पेटला. आता त्या गावकऱ्याने कुणाच्या दारी जायचे? जो काल शेजारी बसून घोषणा देत होता तो आज पलीकडच्या बाजूला बसला आहे. त्याला ‘विकासविरोधी’ म्हणणे सोपे आहे. १९२१ साली मुळशीच्या मावळ्यांनाही प्रगतीचे शत्रू ठरवणारे पुष्कळ निघाले होते.

सत्ता आपल्या विचारांच्या माणसांच्या हाती आली की प्रतिकाराच्या कर्तव्याला सुट्टी द्यायची, ही वृत्ती कार्यकर्त्याच्या मनात नकळत शिरते. ‘आपलीच माणसे आहेत, त्यांना अडचणीत कशाला आणायचे’ हे वाक्य बैठकांतून ऐकू येते. ते निष्ठेतून येते हे मान्य, पण त्यातून निष्ठा ज्या गोष्टीवर असायला हवी तीच झिजते. याचे उलट उदाहरणही घरातलेच आहे. २०१३ च्या भूसंपादन कायद्याने खासगी प्रकल्पांसाठी ८० टक्के आणि सार्वजनिक-खासगी भागीदारीसाठी ७० टक्के बाधित कुटुंबांची संमती बंधनकारक केली होती. डिसेंबर २०१४ मध्ये केंद्राने अध्यादेश काढून काही प्रकारच्या प्रकल्पांना त्यातून सूट दिली. त्याला विरोध केवळ काँग्रेसने केला नाही. भारतीय किसान संघ, भारतीय मजदूर संघ आणि स्वदेशी जागरण मंच यांनीही केला. सरकार आपल्या विचारांचे असल्यामुळे त्यांना गप्प बसता आले असते. ते बसले नाहीत. ऑगस्ट २०१५ अखेर तो अध्यादेश विरून गेला. त्या वेळी सरकार कोसळले नाही, राष्ट्रकार्याची हानी झाली नाही, आणि बाबासाहेबांनी सांगितलेल्या मार्गाच्या बाहेरही कुणाला जावे लागले नाही. लवकर आणि घरातच उच्चारलेला नकार रस्त्यावर गोळी सुटण्याची वेळ येऊ देत नाही.

पवनेच्या प्रश्नावर आजही हे शक्य आहे. नदीकाठच्या प्रत्येक गावच्या ग्रामसभेपुढे पाण्याचा हिशेब मांडावा: बारमाही पात्रात किती पाणी सोडणार, ते मोजणार कोण, उन्हाळ्यात शहर आणि शेत यांची मागणी भिडली तर निर्णय कुणाचा, आणि तो गावकऱ्यांना कुठल्या कागदावर बांधील राहील. धरणग्रस्तांचे थकलेले पुनर्वसन आधी पुरे करावे, मग कुदळ मारावी. आणि हे मागण्यासाठी मावळातल्या शेतकऱ्याने एकट्याने पुढे यायची गरज नाही. पिंपरी-चिंचवडच्या ज्या सदनिकेत सकाळी पवनेचे पाणी येते, तिथल्या नागरिकाने आपल्या नगरसेवकाला हा हिशेब विचारावा. १९२१ साली पुण्याच्या पेठांना ते साधले नव्हते.

लोणावळ्याचे तलाव दर पावसाळ्यात भरतात. पवनेचे दरवाजेही उघडतात आणि पाणी अजून पात्रातूनच रावेतकडे वाहते. त्या पात्रात वाकून घागर भरणाऱ्या बाईला अजून कुणी विचारलेले नाही.